डोंगराआडच्या घरात एफएम लागलं, माझा अनुभव

आमचं गाव पाटण तालुक्यात, दोन्हीकडून डोंगर. नकाशावर सातारा जवळ दिसतं, पण घरात आकाशवाणीचं एफएमवरचं सातारा केंद्र लावलं की नुसती खरखर. वडिलांना जुनी गाणी आणि शेतीचा कार्यक्रम रेडिओवरच हवा. मोबाइलवर ऐकावं तर दरीत नेट धड चालत नाही.

"अरे, पूर्वी पुणे केंद्र लागायचं की!" असं वडील म्हणायचे. लागायचं, कारण ते 792 किलोहर्ट्झवर, मध्यमलहरींवर. त्या लहरी जमिनीला धरून लांबवर जातात. एफएमच्या लहरी जेमतेम 3 मीटर लांबीच्या, जवळजवळ सरळ जाणाऱ्या. डोंगर आडवा आला की पलीकडे पोचतात त्या अगदी क्षीण होऊन. म्हणून नवा सेट घेण्याआधी जुनाच रेडिओ हातात धरून घरभर फिरलो. स्वयंपाकघरात काहीच नाही, माडीवर पुसटसं, पत्र्याच्या वर हात काढला की स्पष्ट बोलणं. तिथंही हातभर सरकलं की आवाज फाटायचा, कारण समोरच्या कड्यावर आपटून आलेली लहर मूळ लहरीत मिसळते.

मग टीव्ही दुरुस्त करणाऱ्या दादांकडे गेलो. त्यांनी अडगळीतल्या जुन्या दूरदर्शन अँटेनाचे दोन ॲल्युमिनियमचे दांडे काढले, प्रत्येकी सुमारे 70 सेंटिमीटर लांबीचे कापले आणि लाकडी पट्टीवर एका रेषेत, मध्ये बोटभर फट ठेवून बसवले. एका दांड्याला डिशच्या केबलची मधली तार, दुसऱ्याला त्याच केबलची बाहेरची जाळी जोडली. सातारा आमच्या उत्तरेला, म्हणून दांडे पूर्व-पश्चिम ठेवून बांबूवर चढवले. दांड्यांची टोकं केंद्राकडे केली तर सिग्नल सगळ्यात कमी मिळतो, हे मी स्वतः फिरवून पाहिलं. केबलचं खालचं टोक चिमट्यानं रेडिओच्या दांडीला लावलं आणि निवेदकाचा आवाज अख्ख्या पडवीत घुमला! वडील कितीतरी वेळ तिथून हलले नाहीत.

थोडी खरखर उरली होती ती स्वस्तातल्या एलईडी बल्बची. तो बदलल्यावर गेली. शेजारच्या काकूंच्या मोबाइलमध्ये एफएम आहे, त्यांना इयरफोनची वायर लांब सोडायला सांगितलं, कारण तिथं तीच अँटेना असते.

एवढं मात्र कराच: वळवाचे ढग जमायला लागले की केबल रेडिओपासून काढून घराबाहेर टाका.