दाबाचा डायनॅमो टॉर्च : ओळखण्यापासून उजेड पडेपर्यंत

हाताच्या दाबावर चालणारा जुना टॉर्च हातात आला की मूठ कचकचून दाबून बघायचा मोह होतो. तो आवरावा. आतलं ग्रीस वाळून लाखेसारखं घट्ट झालेलं असतं, आणि जोर लावला की पहिल्या चक्राचा दाता मोडतो. तसं चक्र दुकानात मिळत नाही. दुसऱ्या मेलेल्या टॉर्चमधूनच काढावं लागतं.

माझ्याकडचा नग फिलिप्सचा ७४२४, नेदरलँडमधल्या आइंडहोवेनचा. १९४० ते १९४५ या काळात नेदरलँड जर्मनांच्या ताब्यात होता. रात्री ब्लॅकआउट आणि सेलची टंचाई, अशा दिवसांतला हा टॉर्च. तिकडे त्याला ‘क्नैपकाट’ म्हणतात. विकणारे मात्र दाबाचा कुठलाही टॉर्च ‘महायुद्धातला’ म्हणून गळ्यात मारतात, तेव्हा अंगावरचे ठसे आधी वाचावेत. जर्मन मालावर डी.आर.जी.एम. (जर्मन राइखमधल्या नोंदणीची खूण) असेल तर तो १८९१ नंतरचा आणि साधारणपणे १९४५ च्या आसपासपर्यंतचा, डी.बी.जी.एम. (तीच नोंदणी, पण नंतरची) असेल तर १९४९ नंतरच्या पश्चिम जर्मनीचा. सोव्हिएत मालावर बऱ्याचदा किंमतच ठोकलेली असते. १९६१ मध्ये दहा जुन्या रुबलचा एक नवा रुबल झाला, म्हणून दोन आकडी किंमत दिसली तर माल बहुधा त्याआधीचा. पंचकोनी गुणवत्ता-चिन्ह असेल तर १९६७ च्या आधीचा असूच शकत नाही. आतली चक्रं नायलॉनची निघाली तर महायुद्धाची गोष्ट तिथेच संपते.

आतली रचना बहुतेकांत एकच. मूठ दाबली की दात्यांची पट्टी किंवा अर्धचक्र दोन-तीन चक्रांना वेग वाढवत फिरवतं, शेवटी लोहचुंबकाचा रोटर, म्हणजे फिरता भाग, गरगरतो आणि बाजूच्या कॉइलमध्ये (तारेच्या वेटोळ्यात) एसी, म्हणजे दिशा सतत पालटणारी वीज तयार होते. मूठ परत येताना रोटर उलटा फिरू नये म्हणून रॅचेट (एकाच दिशेने फिरू देणारं चक्र) किंवा सरकणारा पिनियन (छोटं दातेरी चक्र) असतो. इथे कार्बन ब्रश नसतात, त्यामुळे झिजण्यासारखं फार थोडं. बंद पडलेल्या टॉर्चमध्ये बहुतेक वेळा दोनच दोष सापडतात : गोठलेलं ग्रीस आणि बल्बच्या तळाशी टेकणारी गंजलेली पत्री. म्हणून मी कमीत कमी उघडतो.

सुरुवात बल्बपासून. तो काढून मल्टीमीटरने कॉइल मोजायची. बल्ब होल्डरमध्ये ठेवून मोजली तर त्याच्या फिलामेंटमधून वाट मिळते आणि आकडा फसवा येतो. कॉइलचं एक टोक बऱ्याचदा सांगाड्याला जोडलेलं असतं, त्यामुळे एक प्रोब सांगाड्यावर, दुसरा होल्डरच्या मधल्या पत्रीवर. काही ओहम ते काही दहा ओहम असं काही दिसलं की कॉइल जिवंत. काहीच दाखवलं नाही तर तार तुटलेली, पण ती बहुधा सोल्डरपाशीच तुटते. भिंगातून बघितलं तर टोक सापडतं. तारेवरचा इनॅमलचा लेप अगदी हलक्या हाताने खरवडून पुन्हा सोल्डर करता येतं. आत कुठेतरी तुटली असेल तर मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे जावं, पण तारेची जाडी मायक्रोमीटरवर मोजून आणि वेढे मोजून. ‘अंदाजे भरतो’ म्हणणाऱ्याला नमस्कार करून परत यावं.

मग ग्रीस. मी स्क्रू काढताना प्रत्येक टप्प्याचा फोटो घेतो, कारण परतीची स्प्रिंग कुठल्या खाचेत होती ते नंतर आठवत नाही. ती उडते, म्हणून चष्मा घालायचा. चक्रं आणि धुरे लायटरच्या पेट्रोलमध्ये भिजवून दातघासण्याच्या ब्रशने साफ करायचे, खिडकी उघडी ठेवून आणि गॅस बंद करून. कॉइल मात्र पेट्रोलात बुडवायची नाही, जुनं कापडी-कागदी वेष्टण आणि वार्निश सुटतं. रिबिटने बंद केलेली मॉडेल्स मी फोडत नाही. मुठीच्या फटीतून थेंब थेंब पेट्रोल सोडून निथळू देतो आणि पूर्ण वाळल्याशिवाय मूठ दाबत नाही.

रोटरची गोष्ट वेगळी. त्या काळचे अल्निको (एक मिश्रधातू) जातीचे चुंबक लोखंडी स्टेटरच्या, म्हणजे भोवतालच्या स्थिर भागाच्या, बाहेर उघडे पडले की ताकद गमावतात, आणि रोटर परत बसवला तरी ती परत येत नाही. नंतर टॉर्च फिरतो छान, उजेड मात्र पिवळट आणि मेलेला. काढणं अटळ असेल तर तो बाहेर येता येताच नेमक्या मापाच्या मऊ लोखंडी नळीत सरकवावा. शेजारी स्टील वूल नकोच. तिचे तुकडे चुंबकाला चिकटून रोटर घासायला लागतो. चिकटलेला कीस मऊ चिकणमातीच्या गोळीने टिपला की निघतो. चिमटा पितळी, ताट प्लास्टिकचं.

जोडताना वेगाने फिरणाऱ्या धुऱ्यांना घड्याळजीकडचं पातळ तेल, एक एक थेंब, सुईच्या टोकावरून. तिथे ग्रीस घातलं तर मूठ जड होते. ग्रीस फक्त मुठीच्या खिळीला आणि पहिल्या दात्यांना. मूठ खाली जाते पण घरघर येत नसेल तर रॅचेटची कुत्री (दात्यात अडकणारा छोटा खटका) चिकटलेली असते, तिची छोटी स्प्रिंग पुन्हा साफ करावी.

बॅकेलाइटचं (जुन्या कडक प्लास्टिकचं) कवच पाण्यात भिजवू नये. वरचा चकचकीत थर गेला की आतला भुसा पाणी शोषतो आणि रंग फिका पडतो. ओल्या कापडाने पुसून मेणाचं पॉलिश, एवढं पुरे. पॉलिश पेपर लावलात तर तो थर तुम्हीच घालवता.

बल्ब बहुतेकांत ई-१० (१० मिलिमीटर) आट्याचा. त्यावर छापलेला ॲम्पिअर महत्त्वाचा. डायनॅमो वेगाबरोबर व्होल्टेज वाढवतो, बल्बने पुरेसा करंट ओढला नाही तर ते आवरत नाही. मूळ बल्ब ०.२ ॲम्पिअरचा असताना ०.१ चा लावला तर सुरुवातीला लखलखतो आणि जोरात दाबताच जातो. एलईडी लावायचीच असेल तर सरळ जोडू नये, एसीचा उलटा अर्धा तिला मारतो. चार शॉटकी डायोडचा ब्रिज, म्हणजे वीज एकाच दिशेने करणारी जोडणी, मध्ये घ्यावा, किंवा दोन एलईडी उलटसुलट समांतर जोडाव्यात. मूळ होल्डर कापायचा नाही, वेगळ्या ई-१० टोपीवर हे सगळं बसवलं की नंतर काढता येतं.