खरी अडचण पहिल्या सेकंदाची

डायनोसॉरच्या काळातल्या क्वेट्झलकोॲट्लस या प्रचंड उडणाऱ्या प्राण्याचं नाव निघालं की चर्चा पंखांवरच अडते. विस्तार १० ते ११ मीटर, वजन साधारण २०० ते २५० किलो. एवढं धूड हवेत तरंगायचं कसं? खरं तर पुरेसा वेग असला की तेवढे पंख तेवढं वजन पेलतात. कोडं आहे ते उभ्या जागेवरून हा वेग आणण्याचं.

१९७१ साली टेक्सासमधल्या बिग बेंड राष्ट्रीय उद्यानात डग्लस लॉसन या विद्यार्थ्याला या टेरोसॉरच्या (म्हणजे उडणाऱ्या सरीसृपाच्या) पंखाची हाडं सापडली. पुढे बरीच वर्षं अभ्यासकांनी त्याला पक्ष्याच्या मापाने मोजलं. पक्षी मागच्या पायांनी उडी मारतो. शरीर मोठं झालं की पायही दणकट लागतात आणि उडताना ते नुसतं ओझं होतात. या हिशेबात २५० किलो बसतच नाही. मग कुणी वजन ७० किलोंवर आणलं (१० मीटर पंखांच्या प्राण्याचं! अंगावर मांस तरी कुठे उरलं?), तर कुणी ते अर्ध्या टनापलीकडे नेऊन हा उडतच नव्हता असं ठरवलं.

उत्तर दंडाच्या हाडात आहे. ते सुमारे ५४ सेंटिमीटर लांब, पोकळ, पातळ भिंतींचं. पण खांद्याजवळ त्याला स्नायू धरायला मोठा पसरट कंगोरा आहे. मोठ्या टेरोसॉरांत दंड मांडीपेक्षा कितीतरी मजबूत असतो. पक्ष्यांत असं दिसत नाही. त्यावरून मायकेल हबीब या जीवाश्म-अभ्यासकाने २००८ मध्ये चार पायांवरून झेप घेण्याची कल्पना मांडली. पंख ताणून धरणारं लांबलचक चौथं बोट मागे दुमडलेलं, भार पुढच्या तीन छोट्या बोटांवर. टेरोसॉर असेच चालायचे हे पाऊलठशांवरून कळतं. आधी अंग खाली दबतं. मागचे पाय रेटा देतात, शरीर पुढच्या हातांवरून वर झुकतं, मग हात झटक्यात सरळ होऊन जमीन सोडतात. चौथं बोट उलगडायचं ते जमीन सुटल्यावरच, आधी उलगडलं तर पंखाचं टोक जमिनीवर आपटणार. लगेच पंखांचा पहिला फटका. सगळा खेळ सेकंदाच्या आत, आणि उडी मारणारे स्नायूच पुढे पंख हलवतात, म्हणून फुकटचं ओझं नाही. रक्त पिणारी वटवाघळं आजही जमिनीवरून हातांच्याच जोरावर उसळतात.

सगळ्यांना हे पटलेलं नाही. २०२१ च्या सविस्तर अभ्यासात मागच्या दोन पायांवरच्या उडीची बाजू घेतली आहे. पण एवढा जाड दंड निव्वळ पंख हलवायला होता, हे मला तरी पटत नाही.

वर गेल्यावर तो दिवसभर घिरट्या घालायचा, असं चित्र नेहमी रंगवतात. २०२२ मधल्या एका गणिताप्रमाणे मात्र गरम हवेच्या झोतांवर तरंगणं त्याला फारसं जमत नसावं. तसं असेल तर लांबच्या भराऱ्या कमी, जमिनीवरचं चालणंच जास्त.