टॅबलेट घ्यावा की आधी कागदावर हात बसवावा?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. प्रश्न बहुधा असा येतो: डिजिटल चित्र सोपंच असतं ना, चुकलं की अनडू? मग थेट टॅबलेटच घेऊ का? सोपं-अवघड या मापाने मला याचं उत्तर देता येत नाही. खरा फरक आहे तो कोणता निर्णय कधी घ्यावा लागतो याचा.

जलरंगात पांढरा रंग म्हणजे कागद. भांड्यावरची चकाकी कुठे येणार, हे पहिला वॉश, म्हणजे पाणी घातलेल्या रंगाचा पातळ थर, लावण्याआधीच ठरवून ती जागा कोरी राखावी लागते, कारण पुढचं सगळं काम उजळाकडून गडदाकडे जातं. वॉशवरची चमक ओसरत असताना त्याहून ओला ब्रश टेकवला, तर नवं पाणी आधीचं रंगद्रव्य ढकलत नेतं आणि फुलकोबीसारखा दातेरी डाग उमटतो. तो टाळायचा तर वॉश पूर्ण सुकू द्यायचा, नाहीतर त्याच्यापेक्षा कोरडा ब्रश वापरायचा. शिवाय जलरंग सुकल्यावर फिके होतात, म्हणून लावताना थोडे जास्तच गडद लावायचे. ॲक्रिलिकचं उलट आहे. ओलं असताना त्यातला बाइंडर, म्हणजे रंगद्रव्य धरून ठेवणारा घटक, दुधाळ असतो आणि सुकताना पारदर्शक होतो, म्हणून रंग गडद होतो. कागदाचीही भानगड असतेच. 190 जीएसएमचा (चौरस मीटरला 190 ग्रॅम वजनाचा) कागद भिजला की फुगतो आणि रंग खोलगट भागात साचतो. तो आधी भिजवून, पाण्याने चिकटणाऱ्या कागदी पट्टीने चारही बाजूंनी बोर्डला चिकटवायचा, आडवा ठेवून पूर्ण सुकू द्यायचा आणि मगच रंगवायचं. 300 जीएसएमच्या कागदावर हलके वॉश द्यायचे असतील तर एवढं करावं लागत नाही.

स्क्रीनवर यातलं काहीच नाही. लावला तसाच रंग राहतो, चकाकी शेवटी वरच्या लेयरवर, म्हणजे चित्रावर ठेवलेल्या वेगळ्या थरावर, टाकता येते. पण नवख्यांचा घोळ होतो तो रंग मिसळताना. पिवळा आणि निळा रंग पॅलेटवर घोटले की हिरवा मिळतो. बरीच सॉफ्टवेअर मात्र दोन्हींच्या आकड्यांची (लाल, हिरवा, निळा उजेड किती, 0 ते 255 मध्ये) नुसती सरासरी काढतात: 255, 255, 0 हा पिवळा आणि 0, 0, 255 हा निळा यांच्या मध्यावर 128, 128, 128 येतो, म्हणजे शुद्ध राखाडी. कडा मऊ करायला स्मज, म्हणजे रंग एकमेकांत पसरवणारं साधन, फिरवत राहिलं की चित्र मळकं दिसतं ते यामुळेच. दोन रंगांच्या मधली छटा वेगळी निवडून हाताने भरा. रंगद्रव्याचं गणित वापरणारी सॉफ्टवेअरही आता आहेत, पण सवय ही छटा निवडण्याचीच लावा.

रेषेचा प्रश्न वेगळा. कागदाला खरखर असते, ती पेन्सिलीला अडवते आणि हाताला वेगाचा अंदाज येतो. काचेवर पेन घसरतं. मॅट फिल्म लावली की पकड येते, पण पेनाची निब लवकर झिजते. स्टॅबिलायझर ही सॉफ्टवेअरमधली सोय हाताची थरथर काढून रेषा गुळगुळीत करते. ती फार वाढवली तर रेषा हातामागून रेंगाळत येते आणि तिचा जोर जातो. बिनस्क्रीनचा टॅबलेट असेल तर आधी सेटिंगमध्ये त्याच्या पृष्ठभागाचं लांबी-रुंदीचं प्रमाण मॉनिटरशी जुळवा. ते जुळलं नाही तर हाताने काढलेलं वर्तुळ लंबगोल उमटतं आणि माणूस उगाच स्वतःच्या हाताला दोष देतो.

लांबणीवर टाकता येणारे निर्णय हेच डिजिटलचं सुख आणि तोच त्याचा त्रास. 400 टक्के झूम करून पापण्या रंगवल्या जातात आणि डोक्याचा तोल मात्र गेलेला असतो. संपूर्ण चित्र दाखवणारी छोटी खिडकी सतत उघडी ठेवा, अधूनमधून कॅनव्हास आडवा उलटवून (डावं-उजवं बदलून) पाहा. कागदावर हेच काम आरसा करतो. उजेड-अंधार तपासायला तिथे डोळे किलकिले करायचे, इथे वर एक राखाडी लेयर ठेवून त्याचा ब्लेंड मोड (खालच्या थराशी मिसळण्याची पद्धत) ‘कलर’ करायचा.

म्हणून माझं मत असं: निरीक्षण शिकायला 2बी नि 4बी पेन्सिल आणि साधा कागद पुरतो. टॅबलेट घरात असेल तर वाट पाहू नका, पण पहिली चित्रं एकाच लेयरवर, एकाच कडक कडेच्या ब्रशने आणि अनडूला हात न लावता काढा.

एक निर्णय मात्र डिजिटलमध्येही आधीच घ्यावा लागतो, तो कॅनव्हासच्या मापाचा. ए4 आकारात 300 पीपीआयने (इंचाला 300 पिक्सेल) छापायचं तर 2480 × 3508 पिक्सेल हवेत. लहान काढून नंतर वाढवलं की मधले पिक्सेल सॉफ्टवेअर अंदाजाने भरतं आणि कडा विरघळतात. छापील प्रत स्क्रीनपेक्षा काळपट दिसते, कारण स्क्रीन स्वतः उजेड फेकते आणि आपण ती बहुधा पूर्ण ब्राइटनेसवर ठेवतो. झगझगीत हिरवे-निळे तर छपाईच्या शाईला झेपतच नाहीत. रंगवतानाच ब्राइटनेस उतरवा, आणि मोठी प्रत काढण्याआधी चित्राचा एक तुकडा त्याच कागदावर छापून बघा.