मावशींची बोली आणि निवेदकाचा हशा

कोल्हापूरच्या राजारामपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक मावशी घरगुती खानावळ चालवतात. गेल्या पावसाळ्यात एका खाजगी एफएम वाहिनीच्या निवेदकाने त्यांना फोन करून, लग्नाच्या वऱ्हाडासाठी सांगितलेल्या दोनशे भाकरी अजून का पोचल्या नाहीत, असे दरडावून विचारले. अशी ऑर्डर कधी आलीच नव्हती. मावशी घाबरल्या आणि ‘मी कशाला खोटं बोलतो, बाबा’ असे विनवू लागल्या, तेव्हा त्याने विचारले, की तुम्ही बाई आहात की बुवा? त्यापाठोपाठ हशा वाजला. तो अर्थातच आधी मुद्रित करून ठेवलेला होता. रोज त्यांच्याकडे जेवत असल्यामुळे दुसऱ्या दिवशी रिक्षात ऐकताना मला तो आवाज लगेच ओळखू आला.

कोल्हापूर परिसरात अनेक स्त्रिया ‘मी जातो’, ‘मी येतो’, ‘मी आलो’ असेच बोलतात, हे येथे वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. हा निवेदकही याच जिल्ह्यातला आहे; त्याच्या घरातही कोणीतरी असेच बोलत असणार. दिवसभर ‘नाद खुळा’ आणि ‘काटा किर्र’ यांची पखरण करून कोल्हापुरीपणा विकायचा आणि त्याच बोलीत कोणी मनापासून बोलू लागले की तिची टर उडवायची, हा दुटप्पीपणा मला विनोदापेक्षा अधिक बोलका वाटतो.

मी सोवळा माणूस नाही. शाहू स्टेडियमवर दोन तालमींचा, म्हणजे दोन पेठांच्या संघांचा, फुटबॉल सामना रंगात आला असता प्रेक्षकांत जे ऐकू येते, त्यातील निम्मे येथे लिहिता येणार नाही, आणि तरीही तेथे मी पोट धरून हसलेलो आहे. परंतु तेथे एका पेठेने मारलेल्या टोमण्याला दुसरी पेठ त्याच क्षणी दुप्पट दराने परतफेड करते. फोनवर मावशींच्या हाती असे काहीच नव्हते. समोरचा कोण आहे हे त्यांना ठाऊक नव्हते, आवाज कमीजास्त करण्याचे बटण त्याच्या हाती होते आणि त्यांच्या बोलण्यातील कोणता भाग ठेवायचा, कोणता कापायचा, हेही तोच ठरवणार होता.

असा विनोद करण्याची वेळ येते, कारण निवेदकापाशी स्वतःचे म्हणावे असे फारसे उरलेले नाही. गाण्यांचा क्रम संगणक लावतो, दोन गाण्यांमधील बोलणे, म्हणजे ‘लिंक’, काही सेकंदांत आटोपावी लागते, आणि चुटका बहुधा सकाळीच सर्वांच्या मोबाईलवर फिरून शिळा झालेला असतो. ज्याने पुस्तक वाचलेले नाही, शहर पायी पाहिलेले नाही आणि ज्याला कशाविषयीही ठाम मत मांडण्याची मुभा नाही, त्याला हसवायचे झाले तर जाड माणूस, बायको, वॉचमन आणि खेडवळ बोली एवढेच भांडवल उरते. खाजगी वाहिन्यांना परवान्याच्या कराराने आकाशवाणीचीच कार्यक्रमसंहिता, म्हणजे काय प्रसारित करू नये याची नियमावली, लागू आहे. परंतु ज्याला समोरचा माणूसच दिसत नाही, त्याला संहितेतील कलम कोठून दिसावे?

याउलट अमीन सयानी यांनी 1952 पासून रेडिओ सिलोनवरून गीतमाला सादर केली, तेव्हा गाणी दुसऱ्यांची असली तरी ‘बहनों और भाइयों’ हे शब्द ऐकताच माणूस ओळखू येत असे. मुंबई आकाशवाणीवरील ‘पुन्हा प्रपंच’ या कौटुंबिक श्रुतिकेत बाळ कुडतरकर, नीलम प्रभू आणि प्रभाकर जोशी हे पंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी म्हणून घरातलीच कुरबुर रंगवत, आणि ऐकणाऱ्याला आपणच पकडले गेल्यासारखे वाटून हसू येई. (आकाशवाणीवर रटाळपणा नव्हता असे माझे म्हणणे नाही; काही भाषणे ऐकताना रेडिओलाच झोप लागेल असे वाटे.) आमच्या कुस्तीच्या मैदानात ध्वनिक्षेपकावर बोलणारा निवेदकही मल्लाचे गाव, तालीम, वस्ताद सारे मुखोद्गत ठेवतो, आणि हरलेल्या पैलवानाविषयी असे दोन शब्द बोलतो, की त्याला मान ताठ ठेवून आखाड्याबाहेर पडता येते.

‘एवढे काय मनाला लावून घ्यायचे’ असे म्हणणाऱ्यांना दोन घटना सांगाव्याशा वाटतात. 2007 मध्ये दार्जिलिंगचा नेपाळीभाषक गायक प्रशांत तमांग ‘इंडियन आयडॉल’ जिंकला, तेव्हा दिल्लीतील एका एफएम निवेदकाने नेपाळी भाषकांना पहारेकरी ठरवणारी टिप्पणी केली. तिच्या निषेधार्थ सिलिगुडीत निघालेल्या मोर्चाला हिंसक वळण लागून तेथे संचारबंदी लावावी लागली. 2012 च्या डिसेंबरमध्ये सिडनीच्या दोन निवेदकांनी ब्रिटनची राणी आणि राजपुत्र असल्याची बतावणी करून लंडनच्या रुग्णालयात फोन केला. तो मूळच्या कर्नाटकातील परिचारिका जॅसिंथा सल्डाना यांनी उचलला आणि विश्वासाने पुढे जोडून दिला. रुग्णालयाची संमती न घेताच ते संभाषण प्रसारित झाले आणि फोननंतर तीनच दिवसांनी सल्डाना यांनी आत्महत्या केली.

मावशींनी तक्रार केली नाही. ‘पोरगं हाय, पोटासाठी करतंय’ एवढेच त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या या समजूतदारपणाचा मला त्या फोनइतकाच राग आला. खानावळीत रेडिओ अजूनही लागतो. फक्त अनोळखी क्रमांकावरून फोन आला, की पूर्वी ‘बोला की’ म्हणून फोन उचलणाऱ्या मावशी आता तो कानाला लावून, पलीकडचा माणूस आपले नाव सांगेपर्यंत, काहीच बोलत नाहीत.