एक ओळ म्हणजे काय?

‘व्यवसाय छोटाच आहे, दोन कॉम्प्युटर आहेत, डेटाबेस कशात करू? मायक्रोसॉफ्टचं ॲक्सेस घेऊ, लिबरऑफिसमधलं बेस चालेल, की एक्सेलवरच भागवू?’ हे मला इतक्या जणांनी विचारलंय की आता मी उलट प्रश्न टाकतो: तुमच्या टेबलातली एक ओळ म्हणजे काय? समोरचा माणूस गप्प होतो. मग मी माझीच फजिती सांगतो.

यंत्रं भाड्याने देणाऱ्या एका ओळखीच्यांसाठी मी ॲक्सेसमध्ये डेटाबेस केला होता. ड्रिल, शिड्या, पंप असा माल. मी ‘यंत्रं’ नावाचं एक टेबल केलं, त्यात नाव, संख्या आणि दर. ड्रिल: 6. एखादं बाहेर गेलं की संख्या एकाने कमी करायची, परत आलं की वाढवायची. दोन महिने झकास चाललं. मग एक ड्रिल मोटर जळून परत आलं आणि मालकांनी विचारलं, ‘मागच्या वेळी दुरुस्त केलं ते हेच का? मधे कोणाकोणाकडे होतं?’ माझ्या डेटाबेसला ड्रिल सहा आहेत एवढंच ठाऊक होतं. त्यातलं हे कोणतं, ते त्याला कळायला मार्गच नव्हता. एक ओळ म्हणजे यंत्राचा प्रकार, हे मी विचार न करताच ठरवून टाकलं होतं. त्यांना हवं होतं ते हे, हातातलं, कडेला टवका उडालेलं ड्रिल.

सगळं मोडून पुन्हा केलं. प्रकारांचं टेबल वेगळं, नगांचं वेगळं, प्रत्येक नगावर क्रमांकाची पट्टी. ग्राहक एका पावतीवर तीन यंत्रं नेतो आणि तीन वेगळ्या दिवशी आणून देतो, म्हणून परतीची तारीख पावतीच्या टेबलात नाही, पावतीतल्या ओळींच्या टेबलात. आणि शिल्लक संख्या तर कुठेच लिहायची नाही. परतीची तारीख अजून रिकामी आहे असे नग वगळले की शिल्लक उरते. क्वेरी, म्हणजे डेटाबेसला विचारायचा तयार करून ठेवलेला प्रश्न, ती दर वेळी ताजी मोजून देते, त्यामुळे वजा करायचं राहून गेलं हा प्रकारच संपला.

दराचा घोळ याहून वाईट होता. पहिल्या रचनेत दर फक्त यंत्राच्या टेबलात होता आणि पावतीची रक्कम त्यावरून काढली जायची. मालकांनी दर वाढवले आणि मागच्या सगळ्या पावत्यांच्या रकमा एका रात्रीत बदलल्या. वसूल झालेल्या पावत्यांवरही बाकी दिसायला लागली. आता दर पावतीतल्या ओळीतही उतरतो. यावर हमखास शंका येते की एक माहिती एकाच जागी ठेवायची हा तर पहिला धडा, आणि तुम्ही दर दोन ठिकाणी लिहिताय? आयबीएममधल्या एडगर कॉड यांनी 1970 साली रिलेशनल मॉडेल (माहिती टेबलांमध्ये मांडायची पद्धत) मांडलं तेव्हापासून तो धडा आहेच. पण आजचा दर आणि त्या दिवशी ठरलेला दर या दोन वेगळ्या माहित्या आहेत. पहिली उद्या बदलेल, दुसरी कधीच बदलता कामा नये.

एक्सेलशी माझं वैर नाही. एका शीटमध्ये 10,48,576 ओळी मावतात, छोट्या धंद्याला त्या जन्मभर पुरतील. अडतं ते दुसरीकडेच. एकाच ग्राहकाचं नाव तीन तऱ्हांनी लिहिलेलं असतं आणि शीट त्याबद्दल अवाक्षर काढत नाही. (फोन नंबर मात्र डेटाबेसमध्येही टेक्स्ट म्हणूनच ठेवा. अंक म्हणून ठेवलात की सुरुवातीचं शून्य गळतं, आणि फोन नंबरांची बेरीज कोणाला करायचीय?)

पावती क्रमांकासाठी ऑटोनंबर, म्हणजे ॲक्सेस आपणहून देत जातं तो क्रमांक, वापरू नका. कोणी अर्धवट फॉर्म भरून सोडून दिला तरी तो क्रमांक खर्ची पडतो आणि वर्षाअखेरीस हिशेब तपासणारा विचारतो, 417 नंबरची पावती कुठाय? ग्राहक कधी डिलीट करू नका, ‘बंद’ अशी खूण करा. टेबलं जोडताना कॅस्केड डिलीट या पर्यायावर टिक केलेली असेल तर ग्राहकाबरोबर त्याचे सगळे व्यवहार जातात, आणि ती टिक बहुतेकदा आपणच उत्साहात केलेली असते.

ॲक्सेसच्या फाइलची मर्यादा 2 जीबी. नुसत्या नोंदींनी ती सहसा भरत नाही, फोटो आत कोंबले की भरते. फोटो फोल्डरमध्ये ठेवा, टेबलात फक्त त्याचा पत्ता. दोघंतिघं वापरणार असाल तर फाइलचे दोन भाग करा: टेबलं एका सामायिक फाइलमध्ये, फॉर्म आणि रिपोर्ट प्रत्येकाच्या कॉम्प्युटरवर. टेबलांची फाइल वायफायवरून किंवा आपोआप सिंक होणाऱ्या फोल्डरमधून उघडायचा मोह टाळा, मधेच जोडणी तुटली की ती बिघडते. नोंदी खोडल्या तरी फाइल लहान होत नाही, त्यासाठी अधूनमधून ॲक्सेसमधलीच ‘कॉम्पॅक्ट अँड रिपेअर’ ही सोय चालवावी लागते. त्याआधी कॉपी काढून ठेवा.

बॅकअप रोज, सगळ्यांनी फाइल बंद केल्यावर. आणि महिन्यातून एकदा तो दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून कालची पावती दिसते का बघा. माझ्याकडे एकदा तीन आठवड्यांचे बॅकअप निघाले, सगळे फॉर्मच्या फाइलचे. टेबलांची फाइल कोणी कॉपीच केली नव्हती.

राहिला मूळ प्रश्न, ॲक्सेस की बेस? आधी चार-पाच टेबलं कागदावर काढा, प्रत्येकाखाली ‘एक ओळ म्हणजे...’ हे वाक्य पूर्ण करा, आणि मागच्या आठवड्याच्या खऱ्या पावत्या त्यात पेन्सिलने भरून बघा. बसल्या, तर मग तुम्ही गावाला गेलेले असताना ज्यातला बिघाड दुसरं कोणी निस्तरू शकेल, ते घ्या.