वायपिओ: वरूनच बघितलेली दरी

हवाईच्या बिग आयलंडला गेलो तेव्हा ज्वालामुखी सोडला तर माझ्या लिस्टवर एकच नाव होतं, वायपिओ. हामाकुआ किनाऱ्याचा रस्ता जिथे संपतो तिथे कठड्याला टेकून खाली बघायचं, समोर सरळसोट हिरवे कडे, काळ्या वाळूचा किनारा, समुद्राला मिळणारी नदी, आणि बास. खाली उतरायला रस्ता आहे पण सरासरी 25 टक्के उताराचा, आणि 2022 पासून आमच्यासारख्या पर्यटकांना तिथून आपलं आपण उतरता येत नाही. मी वैतागलोच, एवढं विमानाचं तिकीट काढून गच्चीतून बघितल्यासारखं बघायचं?

तिथे एक म्हातारे काका बसले होते, ते म्हणाले खाली आमच्या राजांच्या अस्थी आहेत. पूर्वी इथे राजे राहायचे, मोठी देवळं होती, 1780 च्या सुमारास कामेहामेहाकडे युद्धदेव कू सांभाळायची जबाबदारी आली ती इथेच, आणि पुढे त्यानेच सगळी बेटं एका राज्याखाली आणली. 1 एप्रिल 1946 ला त्सुनामी आली आणि बहुतेक लोक दरी सोडून वर आले. आता थोडी घरं आहेत आणि कालोची शेती.

कालो म्हणजे आपलं अळू हो! तेच, फतफत्याचं. भातखाचरासारख्या वाहत्या पाण्याच्या वाफ्यात लावतात. त्यांच्या कथेत आकाशपिता वाकेआचा पहिला मुलगा मेलेला जन्मला, त्याला पुरलं तिथून कालो उगवला, त्यानंतरचा मुलगा जगला आणि त्याच्यापासून माणसं झाली. म्हणजे अळू हा आपला थोरला भाऊ. (आपण थोरल्या भावाला बेसन लावून तळतो, हे काकांना सांगितलं नाही.)

संध्याकाळी पोई खाल्ली. कालोचे कंद उकडून, दगडी बत्त्याने कुटून, पाणी घालून केलेला जांभळट चिकट लगदा, बोटानेच खायचा, शिळा झाला की आंबूस लागतो. आईला फोनवर सांगितलं तर तिचा पहिला प्रश्न, "घसा नाही खवखवला? चिंच घालतात का?" नाही घालत, तासन्‌तास उकडतात.

आणि काकांनी सांगितलेलं एक, पोईचं भांडं उघडं असताना भांडायचं नाही, थोरला समोर बसलेला असतो. मी आणि बायको तेव्हा रस्ता कोण चुकलं यावरून भांडत होतो. वाटी संपेपर्यंत गप्प बसलो, गाडीत बसल्यावर परत सुरू.