लाल पेशी नेम धरून जाते का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. रक्तपेशींवर काम करतो म्हटलं की लग्नकार्यात कुणी ना कुणी गाठतंच: "लाल पेशीत औषध भरून सोडलं की ते थेट कर्करोगाच्या गाठीवर जाऊन पडतं ना हो?"

भरता येतं. थेट जाऊन पडतं, हे मात्र फार तर अर्धं खरं.

भरायची युक्ती १९७३ पासून माहीत आहे. ०.९ टक्के मिठाच्या पाण्यात पेशी सुखात असतात. पाणी अळणी केलं की त्या टम्म फुगतात, आवरणाला बारीक भोकं पडतात आणि औषध आत शिरतं. मग मीठ पूर्ववत करून ३७ अंशांवर ठेवलं की भोकं मिटतात. किती अळणी, इथेच सगळी मेख. पहिल्या खेपेला माझ्या हातून पाणी जरा जास्त पडलं. गढूळ लाल नळी बघता बघता नितळ झाली. मागे धरलेल्या वर्तमानपत्राचा मथळा तिच्यातून वाचता येत होता. दिसायला सरबतासारखं सुंदर. पेशी सगळ्या फुटलेल्या.

आता नेमाचं. लाल पेशीला स्वतःची दिशा नसते, रक्त नेईल तिकडे ती जाते. दुखावलेली पेशी प्लीहेत आणि यकृतात टिपली जाते, म्हणून औषध तिथं हवं असेल तर ही वाट आयतीच मिळते. नॅनोकण, म्हणजे औषध वाहणारे अतिसूक्ष्म कण, पेशीला बाहेरून चिकटवून शिरेतून सोडले, तर ते फुफ्फुसांच्या अरुंद केशवाहिन्यांत खरवडून निघतात. तो दुसरा पत्ता. गाठीचा पत्ता पेशीला कुणी दिलेला नाही.

मला स्वतःला आवडतो तो प्रकार वेगळाच: औषध पेशीतून बाहेर पडतच नाही. रक्ताच्या एका कर्करोगात अ‍ॅस्परॅजिनेज हे औषध देतात; ते अ‍ॅस्परॅजिन नावाचं अमिनो आम्ल तोडतं. जीवाणूंपासून मिळणारं हे प्रथिन शरीराला परकं वाटतं, कधी जोरदार रिअ‍ॅक्शन येते. तेच पेशीत कोंडलं की शरीराच्या पहारेकऱ्यांना दिसत नाही. कर्कपेशींना लागणारं अ‍ॅस्परॅजिन मात्र रक्तातून आपणहून आत येतं आणि तिथंच संपतं. धडधाकट लाल पेशी सुमारे १२० दिवस फिरते. भरलेलीला तेवढं आयुष्य नसलं, तरी उघड्या औषधापेक्षा ती बरीच जास्त टिकते.

स्वादुपिंडाच्या कर्करोगावर हाच प्रयोग मोठ्या चाचणीत झाला. २०२१ मध्ये निकाल आला: रुग्णांचं आयुष्य ठरवलेल्या निकषाइतकं वाढलं नव्हतं.